शेरेबुक भरले, वर्ग तसाच राहिला

साथींनो, टपाल खात्यात मेल ओव्हरसियर म्हणून मी अकरा वर्षे सायकल मारली. महिन्याच्या फेरीत बावीस-तेवीस शाखा टपाल कचेऱ्या असायच्या. रोकड मोजायची, तिकिटे मोजायची, बचत खात्याची पासबुके पडताळायची आणि मनीऑर्डरचे पैसे म्हातारीच्या हातात खरोखर पडले का, ते तिच्या दारात जाऊन विचारायचे. यातली एक कचेरी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीतच होती. गुरुजी सकाळी शाखा पोस्टमास्तर आणि अकरा वाजले की चार इयत्तांचे मास्तर. त्या काळी आपल्या खात्यात अशा नेमणुका सर्रास होत. त्यांना ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत. ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव पुढे २००१ साली आले.

एकदा मी तिथे रोकड मोजत असताना शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले. मी ओसरीत, ते वर्गात. त्यांनी हजेरीपट मागवला, डोकी मोजली, भिंतीवरचे तक्ते पाहिले, एका पोराला पाढा विचारला, चहा घेतला आणि शेरेबुकात लिहिले : पटाच्या मानाने हजेरी कमी, वाचन-लेखनात सुधारणा व्हावी. खाली लफ्फेदार सही. अर्ध्या तासात जीप धुरळा उडवीत गेली.

गुरुजी माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “ओव्हरसियर, तुमच्या हिशेबात माझी चूक निघाली तर तुम्ही मांडी घालून बसता, कुठला आकडा कुठल्या रकान्यात गेला ते दाखवता आणि दुरुस्त करून घेता. यांनी सुधारणा व्हावी म्हणून लिहिले. चौथीतल्या तीन पोरांना अजून जोडाक्षर वाचता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यांना घेऊन बसलो की पहिली-दुसरी उधळते. मी काय करू, ते कोणाला विचारू?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ओव्हरसियर काही संत होतो अशातला भाग नाही. आमच्या सायकलीची घंटा ऐकून कित्येक शाखा पोस्टमास्तरांच्या पोटात गोळा येई, हे मी जाणून आहे. पण गुरुजींचा प्रश्न मनात राहिला, आणि आज माझी पुतणी अशाच एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते आहे, तेव्हा तो पुन्हा डोके वर काढतो. फरक इतकाच की शेरेबुकाच्या जोडीला आता मोबाईल आला आहे.

रेल्वे आणि टपाल कामगारांच्या मासिकात शाळामास्तरांचे गाऱ्हाणे कशाला, असे कोणी विचारील. आधी हे विचारू या की जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळेत आज मुले कोणाची आहेत? ट्रॅकमनची, डाक सेवकाची, पार्सल ऑफिसात कंत्राटावर ओझी वाहणाऱ्याची. आपल्यातले पगारदार बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या बसथांब्यावर उभे असतात. त्यात मीही होतो, हे कबूल करतो. पण ज्यांच्यासाठी आपण कायमपणा मागतो आणि ज्यांच्यासाठी मोर्चे काढतो, त्यांची पोरे जिथे शिकतात तिथे चौथीपर्यंत जोडाक्षर आले नाही, तर आपण मिळवलेल्या वेतनवाढीतून त्या घरात काय उरते? आणि पेन्शनच्या लढ्यात मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात शाळा बंद ठेवून रस्त्यावर उतरलेला शिक्षक आपला भाऊबंदच आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर कमिशन नेमले, तेव्हा महात्मा फुल्यांनी त्यापुढे लेखी निवेदन दिले. शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते आपल्याला माहीत असते. पण ते पुरते वाचले, तर त्यात शाळा तपासणीवर एक खणखणीत परिच्छेद सापडतो. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, अशी फुल्यांची तक्रार होती. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देताही कोणी जावे, असे त्यांनी सुचवले. जिल्ह्याच्या किंवा गावच्या इतर अधिकाऱ्यांवर हे काम सोडू नये, कारण त्यांना हजार कामे असतात आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, हेही बजावले. हे सारे ज्याने स्वतः शाळा काढल्या आणि चालवल्या, तो माणूस सांगत होता.

पण याच निवेदनात फुल्यांनी शिक्षकाचा पगारही काढला आहे. प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांहून कमी देऊ नये आणि मोठ्या गावात पंधरा-वीस द्यावेत, ही त्यांची मागणी होती. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना अध्यापनाचे शिक्षण मिळावे, हेही त्यात आहे. आणि आपल्या टपालवाल्यांना ऐकून मौज वाटेल अशी एक सूचना : मास्तरांचे गावातले वजन वाढावे म्हणून गावच्या पोस्टमास्तरकीसारखी किंवा तिकीटविक्रीसारखी कामे त्यांना द्यावीत! माझ्या ओसरीतल्या गुरुजींची नेमणूक जणू जोतीरावांनीच करून ठेवली होती. सांगायचा मुद्दा हा की पगार, प्रशिक्षण आणि तपासणी या तिन्ही गोष्टी फुल्यांनी एका दमात मागितल्या. ज्यांनी पुढे एकच उचलली आणि दोन सोडल्या, त्यांनी फुल्यांचे नाव घेऊ नये. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी केली होती. पुढे त्यांनीच गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. शाळेचा प्रश्न आणि कामगाराचा प्रश्न त्या पिढीने वेगळ्या दप्तरात बांधला नव्हता.

गांधीजींच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, योजना आखली. सूत कातणारी शाळा म्हणून तिची थट्टा पुष्कळ झाली. पण त्या अहवालात शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या पाठोपाठ पर्यवेक्षणाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि पर्यवेक्षक जाणकार व सहानुभूतीचा हवा, असा त्याचा रोख आहे. पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने सरळच सांगितले की प्रशासन आणि पर्यवेक्षण यांची फारकत करा. बदल्या, पगारबिले, चौकशा एकाने पाहाव्यात आणि वर्गात बसून शिकवणे सुधारायला मदत दुसऱ्याने करावी. जवळपासच्या शाळांचे गट करा, म्हणजे एकटा पडलेला शिक्षक दुसऱ्याचे पाहून शिकेल, ही ‘शाळा-समूहा’ची कल्पनाही याच आयोगाची. आयोगाचे सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. खेड्यातली शाळा त्यांना फाईलमधून माहीत झालेली नव्हती.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गटशिक्षणाधिकारी, त्याखाली बीटावर विस्तार अधिकारी, अशी उतरंड लागली. बीट म्हणजे तीस-चाळीस शाळा. तेवढ्यांना एक माणूस, आणि त्याच्याकडेच चौकशा, निवडणुका, पंचायत समितीच्या बैठका आणि लोकप्रतिनिधींचे दौरे. तेव्हा वर्षातून एक अर्धा तास, हेच गणित निघणार. १९९४ साली राज्याने केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले. दहा-बारा शाळांमागे एक केंद्र, एकूण ४८६० पदे. केंद्रप्रमुखाने शाळेत जावे, आदर्श पाठ घ्यावा, महिन्याला शिक्षकांची परिषद भरवावी, अडलेल्या शिक्षकाशेजारी बसावे, अशी कल्पना होती. कल्पना उत्तम. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर राज्यातल्या प्राथमिक शाळेसाठी झालेल्या चार-दोन शहाण्या निर्णयांपैकी हा एक.

मग त्याचे काय झाले? जो शिक्षक नाही तो केंद्रप्रमुख हे तर चालणार नव्हते, म्हणून चांगले शिक्षकच घेतले. आणि चांगल्या शिक्षकाला आपण टपाली बनवले. पटाचे आकडे, तांदळाचे आकडे, गणवेशाचे आकडे, शौचालयाचे फोटो, ‘सरल’ची माहिती, यू-डायसची माहिती. तालुक्याहून निरोप सुटतो की आज चारपर्यंत माहिती पाठवा. केंद्रप्रमुख तो दहा शाळांना फोनवर सांगतो आणि आलेले आकडे जोडून वर ढकलतो. पत्रे पोचवण्याचा अनुभव आपल्याला आहे. पत्र पोचवणारा पत्राला उत्तर देत नसतो. त्यातच जागा वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या आणि एकेका केंद्रप्रमुखावर दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा भार आला. २०२३ साली २३८४ पदांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली. मंजूर पदांच्या निम्म्याच्या आसपास हा आकडा आहे. इंजिनांच्या निम्म्या ड्रायव्हरांच्या जागा रिकाम्या ठेवून गाड्या वेळेवर का धावत नाहीत, असे विचारायची हिंमत रेल्वे बोर्डालाही झाली नसती.

पण साथींनो, हे जमतच नाही असे नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटाचे नाव २०१४-१५ च्या सुमारास महाराष्ट्रभर गाजले. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शेरे लिहिण्याऐवजी शिक्षकांबरोबर बसून ज्ञानरचनावादी पद्धत बसवली. मुले जमिनीवर, भोवती साहित्य, गटागटाने काम, आणि शिक्षक सांगणारा कमी, पाहणारा-ऐकणारा जास्त. एका बीटातल्या साध्या सरकारी शाळांतली लहान मुले आत्मविश्वासाने वाचू-मोजू लागली, हे पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे जाऊन आले. कोणी नवा पैसा ओतला नव्हता. अधिकाराची खुर्ची होती तीच. तिच्यावरच्या बाईंनी तिचा उपयोग वेगळा केला.

पुढची गोष्ट मात्र खास आपल्या प्रशासनाची. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्यातला हेतू चांगला होता, काही ठिकाणी कामही मनापासून झाले. पण पुष्कळ शाळांत कुमठ्याहून काय आले? फरशीवरची रंगरंगोटी. वर्गाच्या जमिनीवर रंगाने गोल, चौकोन, अंक आणि मुळाक्षरे काढली की ज्ञानरचनावाद झाला. मग निकष आले, टक्के आले, ‘शंभर टक्के प्रगत’ अशा घोषणा आल्या. प्रगत शाळेची माहिती शाळेनेच भरायची, केंद्राने ती पुढे पाठवायची. एकमेकांशेजारी बसण्यातून जे उगवले होते, ते आदेशाने पेरायला गेल्यावर रंग तेवढा उतरला. तोही दोन पावसाळ्यांत गेला.

उत्तर प्रदेशातली घटना तर अगदी ताजी. तिथे सरकारी प्राथमिक शाळांना अजूनही ‘बेसिक’ शाळाच म्हणतात. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेली बेसिक शिक्षा परिषद त्या चालवते आणि देशातल्या सर्वांत मोठ्या शाळा-व्यवस्थांपैकी ती एक आहे. झांशी, कानपूर, लखनौकडे नोकरी केलेल्या आपल्या रेल्वेवाल्यांनी या शाळा रुळाच्या कडेला पाहिल्या असतील. कागदावर तिथे ‘सहयोगात्मक पर्यवेक्षण’ आहे. शिक्षकांतूनच निवडलेले विषयतज्ज्ञ वर्गात जाऊन बसतात, पाठ पाहतात आणि नंतर चर्चा करतात, अशी योजना आहे. पण ८ जुलै २०२४ पासून हुकूम लागू झाला की शिक्षकाने हजेरी टॅबवर, चेहरा दाखवून, ठरल्या मिनिटाला लावायची. राज्यभर शिक्षक उठले. काळ्या फिती लागल्या, निदर्शने झाली, आणि आठवडा-दहा दिवसांत, १६ जुलैला, सरकारला तो हुकूम स्थगित करून समिती नेमावी लागली.

वर्तमानपत्रांत याची बातमी आली ती ‘शिक्षक हजेरीला भितात’ अशा थाटात. आपण कामगार आहोत, आपल्याला दुसरी बाजू विचारता आली पाहिजे. पावसाळ्यात ओढा भरलेला, रस्ता कच्चा, मोबाईलला रेंज नाही, आणि पाच मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा घ्यायची सोयही सेवाशर्तीत नाही. शिक्षकांची मागणी नेमकी हीच होती की आधी अर्धा दिवस रजा आणि अर्जित रजा द्या, मग यंत्र आणा. आपल्यापैकी कोणाला हे परके वाटते? बायोमेट्रिकचे यंत्र आपल्या कचेऱ्यांतही आले तेव्हा आपण हेच बोललो होतो.

तरीही यानिमित्ताने एक कडू गोष्ट लिहितो. शिक्षक संघटनांतले मित्र रागावतील, रागावोत. शिक्षक वर्गात नसणे हा प्रकार खोटा नाही. तालुक्याच्या गावाहून मोटरसायकलवर साडेअकराला येऊन चारला परतणारे गुरुजी माझ्या फेरीत मी स्वतः पाहिले आहेत. मी दहा वाजता पोचायचो, शाळेला कुलूप असायचे, आणि पोरे ओसरीत पोस्टाची पेटी वाजवीत बसलेली असायची. तेव्हा ‘आमच्यावर विश्वास ठेवा, वर्गात कोणी येऊ नका’ ही भूमिका संघटनेला शोभत नाही. फुल्यांनी न कळवता जायला सांगितले, ते त्या कुलपासाठीच. जो शिक्षक वेळेवर येतो, त्याला न कळवता आलेल्या माणसाचे भय नसते. त्याला भय असते ते आल्या-आल्या हजेरीपट मागून, वर्गाकडे न बघता निघून जाणाऱ्याचे.

मग पर्यवेक्षण म्हणजे काय, हे आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊन सांगतो. माझे मेहुणे लोकोवर होते. ते सांगत, फूटप्लेटवर चढणारा लोको इन्स्पेक्टर स्वतः गाडी चालवून वर आलेला असतो. एकेका चीफ लोको इन्स्पेक्टरकडे ठराविक लोको पायलट सोपवलेले असतात, त्यांची नावे त्याला पाठ असतात. कोण रात्री डुलकतो, कोण ब्रेक घाईने लावतो, कोणाला घाट नवा आहे, हे त्याला गाडीत बसून कळते. नव्या सेक्शनवर गाडी देण्याआधी ड्रायव्हरला रस्ता शिकण्यासाठी ‘एल.आर.’च्या फेऱ्या मिळतात आणि रस्ता कळल्याची सही केल्यावरच गाडी हातात येते. कसारा ते इगतपुरी एकास सदतीसचा चढ आहे, म्हणून तिथे मागून बँकर लावतात. बँकर लागला म्हणून ड्रायव्हर नालायक ठरत नाही. चढच तेवढा आहे.

आता एकशिक्षकी शाळेचा चढ मोजा. एका खोलीत चार इयत्ता. घरी गोंडी, भिली किंवा अहिराणी बोलणारी आणि पुस्तकातली मराठी प्रथमच ऐकणारी मुले. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली आणि अर्ध्या वर्षाने परतलेली मुले. २००० सालापासून तर नवा माणूस ‘शिक्षणसेवक’ म्हणून तीन वर्षे मानधनावर, आणि सुरुवातीचे मानधन महिना तीन हजार. प्राथमिक शाळेत ते सोळा हजार व्हायला २०२३ उजाडले. त्याला एल.आर.ची फेरी कोणी दिली? अशा वर्गात पहिले तीन महिने कोणी जाणता शिक्षक शेजारी उभा राहिला का? पुतणीला मी विचारले. ती म्हणाली, “काका, पहिल्या दिवशी मला किल्ली दिली, तांदळाचे रजिस्टर दिले आणि पासवर्ड दिला.”

हे करता येते, याचा दाखला आपल्या इटारसी जंक्शनभोवतीच आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आता नर्मदापुरम आहे, १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सोळा मिडल शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तो कार्यक्रम पूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था त्यासाठी उभी राहिली. विज्ञानाच्या प्रयोगांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची शिक्षकाची व्यवस्था. दर महिन्याला संगम केंद्रावर शिक्षकांची गोष्ठी भरायची. तिथे ‘माझ्या वर्गात हा प्रयोग फसला’ असे उघड सांगता यायचे आणि कोणी शेरा मारायचे नाही. मधल्या काळात ‘अनुवर्तन’ म्हणून एखादा अनुभवी शिक्षक दुसऱ्याच्या शाळेत जायचा, तास बघायचा आणि अडले तिथे हात लावायचा. त्या दिवसाची ड्युटी धरली जायची, प्रवासभत्ता मिळायचा. हा भत्त्याचा भाग आपण युनियनवाले नीट लक्षात ठेवू. सरकार ज्या कामाचा प्रवासभत्ता देते ते काम सरकार खरे मानते, बाकीचे सारे भाषण. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने गुंडाळला. शिक्षकांनी आणि देशातल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, तो ऐकला गेला नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा मुद्दा कामगारांच्या भाषेत कधीच मान्य झालेला आहे. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयी शिफारस स्वीकारली. जगभर ५ ऑक्टोबरला शिक्षक दिन पाळतात तो त्यामुळेच. तपासणीची कोणतीही पद्धत शिक्षकाला कामात उत्तेजन आणि मदत देणारी असावी, त्याचे स्वातंत्र्य, पुढाकार आणि जबाबदारी खच्ची करणारी नसावी, असे त्यात म्हटले आहे. शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन करायचेच असेल तर ते वस्तुनिष्ठ असावे, त्याला दाखवावे, आणि अन्याय वाटला तर दाद मागण्याचा हक्क असावा, हेही त्यात आहे. आपल्या गोपनीय अहवालांविरुद्ध आपण किती वर्षे भांडलो, ते आठवा.

देशातला कायदाही बराचसा शिक्षकाच्या बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरे अशैक्षणिक काम देता येत नाही. मग रोजचे फोटो, रोजच्या लिंका, रोजचे आकडे हे कशात बसते? ‘हे शैक्षणिकच आहे’ असे लिहून शासन मोकळे होते. माझे म्हणणे असे की ज्या कामाने वर्गातला एक तास जातो आणि वर्गात काहीच परत येत नाही, ते अशैक्षणिक, मग त्याच्यावर कोणताही शिक्का असो.

महासंघाच्या येत्या अधिवेशनात शिक्षकांच्या पाठिंब्याचा ठराव येईल, नेहमीप्रमाणे टाळ्यांत मंजूरही होईल. त्यात पेन्शन आणि रिक्त पदांबरोबर पुढच्या ओळीही घालाव्यात, अशी माझी सूचना आहे. केंद्रप्रमुखाची सर्व पदे भरा आणि त्याच्याकडून आकडे गोळा करण्याचे काम काढून वेगळ्या कारकुनाकडे द्या. त्याच्या महिन्याच्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस वर्गात बसण्यासाठी राखा आणि त्याचा प्रवासभत्ता वेळेवर द्या. बदली आणि शिक्षा ज्याच्या हातात आहे, त्याच्या हातात मार्गदर्शन ठेवू नका. कारण शिक्षा करणाऱ्यापुढे कोणी आपली अडचण उघडी करत नाही. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी एक जाणता शिक्षक सोबतीला नेमून द्या. आणि शिक्षक संघटनांनीही आपल्या बाजूने जाहीर करावे की कुलूप लावून जाणाऱ्याची वकिली आम्ही करणार नाही.

ठरावाने सगळे होत नाही, हे आपल्यासारखे दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी ती कागदावर आहे, सह्यांसाठी वही घरोघर फिरते. आपल्या ज्या साथींची मुले, नातवंडे या शाळांत आहेत त्यांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी तिच्यात बसावे. बैठकीत शेरेबुक मागून घ्यावे, आणि गेल्या वर्षभरात आलेल्यांपैकी किती जण पूर्ण तास वर्गात बसले, हे गुरुजींना किंवा बाईंना चारचौघांत पण मायेने विचारावे. पुतणीच्या शाळेची पुढची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. तिथला एक ट्रॅकमन, त्याचा मुलगा दुसरीत आहे, या वेळी ड्युटी बदलून घेऊन येणार आहे. मीही जाणार आहे, बाहेर ओसरीत बसेन.